घरच्याच कंपनीत नोकरी आणि आरोग्यविम्याचा हप्ता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी संपत आला की माझ्याकडे एकाच जातीचे फोन येतात. कंपनी वडिलांची, नोकरी मुलाची, विम्याचा हप्ता कंपनीच्या खात्यातून गेलेला. आणि मुलाच्या हातात डब्ल्यू-२, म्हणजे कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा दाखला. त्यात बॉक्स १ म्हणजे प्राप्तिकरासाठीचं वेतन, बॉक्स ५ म्हणजे मेडिकेअरच्या (वृद्धांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या) करासाठीचं वेतन. "ताई, माझा पगार ऐंशी हजार. मग बॉक्स १ मध्ये सत्त्याऐंशी हजार दोनशे कुठून आले? आणि बॉक्स ५ मध्ये ऐंशीच कसे?" बहुतेक वेळा उत्तर असं असतं की दोन्ही आकडे बरोबर आहेत, घाबरू नका. पण ज्यांच्या दोन्ही बॉक्समध्ये एकच आकडा असतो ते फोन करत नाहीत, आणि खरं तर फोन त्यांनी करायला हवा.

मी न्यू जर्सीत हिशेब आणि टॅक्स रिटर्नचं काम करते. गेल्या काही वर्षांत आपल्या मराठी मंडळींनी विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळे आकडे डॉलरमधले आणि केंद्रीय, म्हणजे फेडरल, प्राप्तिकराचे आहेत. राज्याचा हिशेब वेगळा असतो, तो तुमच्या सीपीएकडून, म्हणजे परवानाधारक हिशेबनिसाकडून, करून घ्या.

हे सगळं कोणाला लागू आहे?

अमेरिकेतल्या एस कॉर्पोरेशनला. ही कंपनी स्वतः सहसा प्राप्तिकर भरत नाही. तिचा नफा के-१ नावाच्या कागदावरून भागधारकांच्या रिटर्नमध्ये उतरतो. आपल्याकडची छोटी आयटी कन्सल्टिंग फर्म, किराणा दुकान, डे-केअर, दातांचा दवाखाना, केटरिंग, यांतल्या पुष्कळांनी हाच प्रकार निवडलेला असतो. तुमची कंपनी सी कॉर्पोरेशन, म्हणजे नफ्यावर स्वतः कर भरणारी, असेल तर थेट शेवटाकडच्या "सी कॉर्पोरेशन असती तर?" या प्रश्नावर जा, तुमचं काम सोपं आहे. कंपनी कोणत्या प्रकारची हे माहीत नसेल तर ती रिटर्न कोणतं भरते ते बघा. ११२०-एस भरत असेल तर पुढे वाचा.

माझ्या नावावर कंपनीचा एकही शेअर नाही. शंभर टक्के मालकी बाबांची. मग सीपीए मला "टू पर्सेंट शेअरहोल्डर" का म्हणतो?

कारण कायद्याने तुम्हाला तसं मानलं आहे. मुंबई-पुण्यात सोसायटीच्या भांडणांत "मानीव अभिहस्तांतरण" हा शब्द कानावर पडला असेल. बिल्डरने जमीन नावावर करून दिली नाही तरी दिल्यासारखी मानायची. इथे तशी मानीव मालकी आहे.

करसंहितेचं कलम १३७२ सांगतं की नोकरीतल्या सवलतींच्या बाबतीत एस कॉर्पोरेशनला भागीदारी समजा आणि दोन टक्क्यांहून जास्त शेअर किंवा मतं असणाऱ्याला भागीदार समजा. भागीदार हा नोकरदार नव्हे, म्हणून नोकरदाराला करमुक्त मिळणारा विमा त्याला करमुक्त मिळत नाही, हप्ता त्याच्या पगारात मिळवला जातो. आणि दोन टक्के मोजताना कलम ३१८ लावायचं असतं. ते म्हणतं की नवरा-बायको, मुलं, नातवंडं आणि आई-वडील यांचे शेअर तुमचेच धरा. बाबांचे शंभर टक्के म्हणजे तुमचेही शंभर टक्के. कागदावर शून्य असले तरी.

दोन बारकावे. नेमके दोन टक्के असतील तर तुम्ही बाहेर, त्याहून जास्त हवेत. आणि वर्षातल्या एका जरी दिवशी ही मर्यादा ओलांडली असेल तर ते अख्खं वर्ष धरलं जातं. बाबांनी फेब्रुवारीत कंपनी विकून टाकली आणि तुम्ही नव्या मालकाकडे डिसेंबरपर्यंत नोकरी केलीत, तरी त्या वर्षी तुम्ही टू पर्सेंटवालेच.

मग सून, जावई, भाऊ, पुतण्या? आमच्या दुकानात सगळे आहेत.

या पानावरचा हा माझा सर्वांत लाडका प्रश्न. कारण अमेरिकन करसंहितेचं कुटुंब आणि आपलं कुटुंब यांचा नकाशा जुळतच नाही.

समजा कंपनी पूर्णपणे सासऱ्यांची आहे. मुलगा आत, कारण वडिलांचे शेअर त्याचे मानले. सासूबाई आत. मुलगी आत, लग्न होऊन डॅलसला गेली असली तरी. पण सून बाहेर! नवऱ्याचे शेअर बायकोचे मानतात हे खरं, पण इथे नवऱ्याकडे स्वतःचं काहीच नाही, त्याची मालकी वडिलांकडून मानलेली आहे. नात्यामुळे एकदा मानलेली मालकी नात्याच्याच वाटेने आणखी पुढे नेता येत नाही, असं कलम ३१८ मध्येच लिहिलं आहे. म्हणजे एका उडीत पोचेल तेवढंच. जावईही याच कारणाने बाहेर.

भाऊ-बहीण यादीतच नाहीत. थोरल्या भावाची कंपनी आणि धाकटा तिथे मॅनेजर, तर धाकटा साधा नोकरदार. मात्र त्याच कंपनीत वडिलांच्या नावावर पाच-दहा टक्के असतील तर धाकटा वडिलांच्या वाटेने आत येतो. ही गोष्ट हमखास सुटते, कारण वडिलांना "नावापुरते" दिलेले शेअर कोणाच्या लक्षातच नसतात. पुतण्या, भाचा, मेहुणा, वहिनी, साडू सगळे बाहेर.

आजोबा-नातू हे प्रकरण एकतर्फी आहे. नातवाचे शेअर आजोबांचे मानतात, आजोबांचे नातवाचे मानत नाहीत. असं का, हे मला विचारू नका.

बाहेर असणं इथे चांगलं. कंपनीच्या ग्रुप विम्याचा सुनेचा हप्ता तिच्या पगारात मिळवायचा नाही, तिला तो इतर कामगारांसारखा करमुक्त. सख्ख्या मुलाचा मात्र मिळवायचा. फक्त मुलाने आपल्या नावावर दोन टक्क्यांहून जास्त शेअर घेतले की सूनही आत आली. तेव्हा "मुलाला पाच टक्के देऊन टाकू" हा बेत करताना हेही हिशेबात धरा.

हप्ता आधी पगारात मिळवायचा आणि मग वजा करायचा? हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

प्राणायाम आहेच. कलम १३७२ हे १९८२ च्या सुधारणेत आलं. धंद्याच्या मालकाने कंपनीचा अंगरखा घालून नोकरदाराच्या सवलती घेऊ नयेत, त्याने भागीदाराच्याच रांगेत उभं राहावं, असा तो विचार. पुढे स्वतःचा धंदा करणाऱ्यांना आरोग्यविम्याची वेगळी वजावट देणारं कलम १६२(एल) आलं. सुरुवातीला १९८७ पासून हप्त्याच्या फक्त २५ टक्के वजा करता येत. मग टप्प्याटप्प्याने वाढत २००३ पासून पूर्ण १०० टक्के झाले. एस कॉर्पोरेशनचा टू पर्सेंटवाला हीच वजावट घेतो. एका हाताने काढून घेतलेलं दुसऱ्या हाताने परत मिळतं. फक्त मधली प्रत्येक पायरी चढावी लागते, एखादी चुकली की परत मिळणारा हात आखडतो.

पण ही वजावट खऱ्या भागधारकाची ना? माझ्याकडे शेअरच नाहीत, मला कशी मिळेल?

बरीच वर्षं याच मुद्द्यावर गोंधळ होता. मानीव मालकीने पगारात हप्ता वाढवायचा, पण वजावट मात्र प्रत्यक्ष शेअर असलेल्यालाच, असं काही हिशेबनीस धरून चालत. आयआरएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याच्या, मुख्य विधी सल्लागारांच्या कार्यालयाने २०१९ मध्ये एक ज्ञापन प्रसिद्ध केलं, क्रमांक २०१९१२००१. त्यातलं उदाहरण जवळजवळ तुमचंच आहे. एक माणूस कंपनीचा पूर्ण मालक, त्याचा नातलग तिथे नोकरीला, कंपनी सगळ्या कामगारांसाठी ग्रुप विमा देते आणि नातलगाचा हप्ता त्याच्या डब्ल्यू-२ मध्ये दाखवते. निष्कर्ष असा की बाकीच्या अटी पूर्ण होत असतील तर त्या नातलगालाही वजावट मिळते. असं ज्ञापन निवाडा म्हणून पुढे करता येत नाही, पण खात्याचं म्हणणं काय आहे ते त्यातून स्वच्छ कळतं. तुमचा सीपीए नाही म्हणत असेल तर त्याला हा क्रमांक द्या, वाद घालू नका.

आकडे घालून दाखवा.

मुलगा २९ वर्षांचा, अविवाहित, वडिलांच्या कंपनीत पगार वर्षाला ८०,०००. ग्रुप विम्याचा हप्ता महिना ६००, वर्षाला ७,२००, सगळा कंपनीने भरला.

डब्ल्यू-२ च्या बॉक्स १ मध्ये ८७,२०० येतील. बॉक्स ३ आणि ५ मध्ये ८०,०००, कारण विमा कामगारांसाठीच्या किंवा त्यांच्या एखाद्या वर्गासाठीच्या योजनेतून असेल तर त्या हप्त्यावर सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअरचा कर लागत नाही. बॉक्स १४ मध्ये ७,२०० अशी नोंद करून ठेवतात. ती सक्तीची नाही, पण रिटर्न भरणाऱ्यावर उपकार होतात.

मग मुलाच्या १०४० या वैयक्तिक रिटर्नमध्ये पगार ८७,२००. फॉर्म ७२०६ वर हिशेब करून शेड्यूल १ च्या १७ व्या ओळीत ७,२०० ची वजावट. उरले ८०,०००. स्टँडर्ड डिडक्शन याच्या वर वेगळं मिळतं. ही वजावट घेण्यासाठी खर्चांची यादी जोडावी लागत नाही.

वजावट घ्यायची राहिली तर २२ टक्क्यांच्या पट्टीतल्या या मुलाचे १,५८४ डॉलर जास्तीचे जातात. आणि पगारपत्रक करणाऱ्या पेरोलवाल्याने चुकून बॉक्स ३ आणि ५ मध्येही हप्ता चढवला तर मुलगा आणि कंपनी यांचे मिळून १५.३ टक्क्यांनी १,१०१ डॉलर ६० सेंट. एका चौकटीत आकडा हवा, दुसरीत नको, एवढंच लक्षात ठेवायचं, पण तेवढंच चुकतं.

कंपनीने हप्ते भरले, पण डब्ल्यू-२ वर चढवलेच नाहीत. आता?

दोन वर्षांपूर्वी एक कुटुंब माझ्याकडे आलं. छोटं रेस्टॉरंट, आई-वडील मालक, मुलगी हिशेब आणि काउंटर सांभाळते. तिने सोबत प्लॅस्टिकची फाइल आणली होती. बँकेच्या बारा महिन्यांच्या स्टेटमेंटवर विमा कंपनीच्या बारा नोंदी, प्रत्येकीवर हिरवा हायलायटर. इतकं नीटनेटकं काम मी क्वचितच बघते. पण हिशेबाच्या वहीत ते बाराही हप्ते "एम्प्लॉयी बेनिफिट्स" खाली, आणि तिघांच्याही डब्ल्यू-२ मध्ये बॉक्स १ आणि बॉक्स ५ सारखेच. पेरोल सांभाळणाऱ्या कंपनीला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनीही विचारलं नव्हतं.

आयआरएसच्या २००८ च्या पहिल्या नोटिशीत अट स्पष्ट आहे. हप्ता कंपनीने भरावा किंवा परत द्यावा आणि तो डब्ल्यू-२ मध्ये वेतन म्हणून दाखवावा. तरच विमा "कंपनीने सुरू केलेला" ठरतो आणि १६२(एल)चं दार उघडतं. डब्ल्यू-२ वर नाही म्हणजे वजावट नाही.

उपाय आहे. डब्ल्यू-२सी नावाचा दुरुस्तीचा फॉर्म भरायचा, कंपनीच्या हिशेबात हप्ता "एम्प्लॉयी बेनिफिट्स"मधून काढून पगाराच्या खात्यात टाकायचा, आणि वैयक्तिक रिटर्न आधीच गेलं असेल तर त्याच्या दुरुस्तीसाठी १०४०-एक्स. त्या कुटुंबात तीन डब्ल्यू-२सी झाले. मुलीने नंतर विचारलं, "पण शेवटी कर तेवढाच आला ना?" हो, जवळजवळ तेवढाच. तपासणी आली असती तर आला नसता.

डब्ल्यू-२ देण्याची मुदत ३१ जानेवारी. म्हणून डिसेंबरच्या शेवटच्या पेरोलआधी पेरोलवाल्याला वर्षभराच्या हप्त्याचा आकडा लेखी कळवा. तोंडी नको. त्या पगाराचा चेक थोडा लहान दिसेल, कारण वाढलेल्या वेतनावर प्राप्तिकर कापला जातो. तेव्हा घरात ओरड होते, ती ऐकून घ्यायची.

आम्ही पगार मुद्दाम कमी ठेवतो आणि बाकी नफा म्हणून काढतो. त्याने काही बिघडतं का?

बिघडतं. एस कॉर्पोरेशनमधून मिळणारी ही वजावट त्या कंपनीकडून मिळालेल्या मेडिकेअर वेतनाएवढीच, म्हणजे बॉक्स ५ एवढीच, घेता येते. फॉर्म ७२०६ तोच आकडा मागतो. हप्ता स्वतः बॉक्स ५ मध्ये नसतो, हे वर आलंच. तेव्हा पगार ६,००० आणि हप्ता १४,००० असेल तर वजावट ६,००० वर थांबेल. पगार शून्य आणि नुसता हप्ता, तर वजावटही शून्य. के-१ वरचा नफा लाखभर असला तरी तो इथे मोजत नाहीत.

कामाच्या मानाने पगार फारच कमी ठेवणं हा तसाही आयआरएसच्या नजरेत भरणारा प्रकार आहे, पण ती वेगळी कथा.

माझी बायको मोठ्या कंपनीत आहे. तिथला विमा महाग म्हणून आम्ही घेतला नाही, माझ्या वडिलांच्या कंपनीचा घेतला. वजावट मिळेल ना?

नाही. आपल्याकडच्या घरांत, जिथे एकजण आयटीत आणि दुसरा घरच्या धंद्यात असतो, वजावट सर्वांत जास्त याच खड्ड्यात पडते.

नियम "घेतला का" असं विचारत नाही, "घेता आला असता का" असं विचारतो. तुमच्या किंवा जोडीदाराच्या मालकाने अनुदान दिलेल्या आरोग्य योजनेत सहभागी होण्यास तुम्ही ज्या महिन्यात पात्र होता, त्या महिन्याचा हप्ता वजावटीतून बाद. बायकोने नको म्हणून सही करून दिली तरी पात्रता होतीच.

दिलासा एवढाच की मोजणी महिन्याची आहे. बायकोची नोकरी मेअखेर गेली आणि तिथली पात्रताही तेव्हाच संपली, तर जूनपासूनचे सात महिने तुमचे. आणि तिचा मालक फक्त तिलाच विमा देतो, जोडीदाराला घेतच नाही, असं असेल तर तुम्ही तिथे पात्र नव्हता, तुमचा स्वतःचा हप्ता चालेल. तिच्या मालकाचं पात्रतेचं पत्रक काढून फाइलला लावा. डब्ल्यू-२ वर मात्र हप्ता येणारच, वजावट मिळो न मिळो. म्हणून अशा घरात बायकोच्या मालकाचा विमा खरंच महाग आहे का, हे करासकट मोजून बघा. मी मोजून दिलं की निम्मे लोक पॉलिसी बदलतात.

पॉलिसी माझ्या नावावर आहे, कंपनीच्या नाही.

टू पर्सेंटवाल्यासाठी चालतं. कंपनीने थेट भरावा, किंवा तुम्ही भरून पावती द्या आणि कंपनीने त्याच वर्षी परत करावं. मग डब्ल्यू-२. स्वतःच्या खिशातून भरून कंपनीकडून परत घेतलंच नाही, तर ही वजावट नाही.

मग सुनेचा आणि पुतण्याचाही हप्ता असाच परत देऊ?

अजिबात नको! वर आपण म्हटलं की सून बाहेर म्हणून फायद्यात. त्याची ही दुसरी बाजू. साध्या कामगाराने स्वतः घेतलेल्या पॉलिसीचा हप्ता कंपनीने सरळ परत दिला तर ती परवडणाऱ्या आरोग्यसेवा कायद्याच्या अटी न पाळणारी योजना ठरू शकते, आणि दंड एका माणसामागे दिवसाला १०० डॉलर. वर्षाचे ३६,५००. २०१५ च्या सतराव्या नोटिशीने यातून टू पर्सेंटवाल्यांना तूर्त सूट दिली आहे, सून-पुतण्यांना नाही. त्यांच्यासाठी रीतसर वाटा आहेत. पन्नासहून कमी पूर्णवेळ कामगार असलेल्या कंपनीला क्यूसेहरा ही परतफेडीची योजना २०१७ पासून आहे, २०२५ मध्ये तिची मर्यादा एकट्यासाठी ६,३५० आणि कुटुंबासाठी १२,८०० होती. आणि २०२० पासून इक्रा ही तशीच दुसरी योजना आहे. टू पर्सेंटवाल्याला या दोन्हींतून करमुक्त पैसे मिळत नाहीत. घरात एकाला जे चालतं ते दुसऱ्याला चालत नाही, हे जेवणाच्या टेबलावर समजावणं मला अजून जमलेलं नाही.

पगारातून करपूर्व कापून घेता येईल का? आणि एचएसए?

करपूर्व कपातीची कॅफेटेरिया योजना टू पर्सेंटवाल्याला बंद, मानीव असला तरी. त्याला आत घेतलं तर इतर कामगारांचीही सवलत धोक्यात येते.

एचएसए, म्हणजे औषधोपचारासाठीचं करसवलतीचं बचत खातं, उघडता येतं, फक्त विमा एचएसएला चालणारा हवा. २०२५ मध्ये मर्यादा एकट्याला ४,३०० आणि कुटुंबाला ८,५५० होती, वय ५५ किंवा त्यापुढे आणखी १,०००. कंपनीने टाकले तर ते वेतनात धरायचे आणि रिटर्नमध्ये वजा करायचे, तोच खेळ.

बाबा ६६ वर्षांचे, कंपनी अजून चालवतात. मेडिकेअरचा हप्ता?

चालतो, आणि बरेच जण सोडून देतात. २०२५ मध्ये मेडिकेअरच्या पार्ट बी चा (डॉक्टरांच्या खर्चाच्या भागाचा) नेहमीचा हप्ता महिना १८५ होता, वर्षाचे २,२२०. उत्पन्न जास्त असेल तर हप्ताही जास्त. तो बहुधा सोशल सिक्युरिटीच्या रकमेतून परस्पर कापला जातो, म्हणून भरतोय हे जाणवत नाही. सोशल सिक्युरिटीकडून येणारा एसएसए-१०९९ हा कागद पुरावा म्हणून घ्या, कंपनीने ती रक्कम बाबांना परत द्यावी, डब्ल्यू-२ मध्ये दाखवावी. बाबांचा पगार बॉक्स ५ मध्ये तेवढा तरी हवा.

आई-बाबा नाशिकहून सहा महिने येणार आहेत. त्यांचा व्हिजिटर विमा कंपनीने घेतला तर?

वजावट तुम्ही, जोडीदार, आश्रित आणि वर्षअखेर २७ पूर्ण न झालेली तुमची मुलं यांच्या विम्याची. आश्रित ठरायला माणूस अमेरिकेचा नागरिक किंवा करासाठीचा रहिवासी असावा लागतो, किंवा कॅनडा-मेक्सिकोचा रहिवासी. भारतात राहून पाहुणे म्हणून येणारे आई-वडील सहसा यात बसत नाहीत. विमा जरूर घ्या, इथल्या इमर्जन्सी रूमचं बिल ज्याने एकदा पाहिलंय त्याला सांगायला नको. पण स्वतःच्या पैशाने घ्या. कंपनीच्या कार्डावर घेतला तर तो तुमचा वैयक्तिक खर्च कंपनीने केला असं होतं.

आणि भारतात त्यांच्यासाठी मी भरतो ती मेडिक्लेम?

अमेरिकेच्या या वजावटीत नाही, त्याच कारणाने. भारतात मात्र तुमचं करपात्र उत्पन्न असेल, घरभाडं म्हणा किंवा एनआरओ (अनिवासी भारतीयाच्या) खात्यातल्या ठेवीचं व्याज, आणि तुम्ही जुनी करप्रणाली निवडत असाल तर तिथल्या ८०डी खाली आई-वडिलांच्या हप्त्याची वजावट मिळते. २५,००० रुपयांपर्यंत, ते ज्येष्ठ नागरिक असतील तर ५०,००० पर्यंत. हप्ता रोखीने भरलेला चालत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटीही गेला आहे.

आम्ही मार्केटप्लेसवरून (सरकारी विमाबाजारातून) सबसिडी घेऊन विमा घेतलाय.

सबसिडी वगळून जेवढं तुम्ही भरलं तेवढंच वजावटीला धरायचं. गंमत अशी की सबसिडी उत्पन्नावर ठरते, उत्पन्न वजावटीवर आणि वजावट सबसिडीवर. आयआरएसने २०१४ मध्ये ही साखळी सोडवायची पद्धत दिली आहे: आकडा घालायचा, पुन्हा मोजायचं, फरक एक डॉलरच्या आत येईपर्यंत. सॉफ्टवेअरवर सोडा.

सी कॉर्पोरेशन असती तर?

तर हे पान लागलंच नसतं. सी कॉर्पोरेशनमध्ये मालक, मुलगा, सून सगळे नोकरदारच. हप्ता कंपनीचा खर्च, आणि तुमच्या पगारात तो येत नाही. पण कंपनीच्या नफ्यावर २१ टक्के आणि लाभांशावर पुन्हा तुमचा कर. नुसत्या विम्यासाठी कंपनीचा प्रकार बदलणं म्हणजे पापड मऊ पडला म्हणून स्वयंपाकघर बदलणं.

बायको एच-४ (अवलंबिताच्या) व्हिसावर आहे. तिला पगारावर दाखवून विमा देऊ का?

तिच्याकडे कामाचा परवाना, ईएडी, असेल तरच. काही एच-४ धारकांना तो २६ मे २०१५ पासून मिळू लागला. परवाना नसताना पगार दाखवणं हा कराचा नाही, इमिग्रेशनचा गुन्हा होऊन बसतो. तुम्ही कंपनीत नोकरीला असाल तर ती तुमच्या पॉलिसीत कुटुंब म्हणून येतेच, तिच्या हप्त्याचीही वजावट तुम्हाला मिळते. वेगळा पगार कशाला हवा?

कंपनी उभी करायला नाशिकच्या काकांनी पैसे दिले होते. आता आभार म्हणून त्यांना पाच टक्के शेअर द्यायचे आहेत. विम्यावर परिणाम होईल?

विम्यावर फार नंतर, आधी कंपनीवर. एस कॉर्पोरेशनचा भागधारक अमेरिकेचा नागरिक किंवा करासाठीचा रहिवासी असावा लागतो. नाशिकला राहणाऱ्या काकांच्या नावावर एक जरी शेअर झाला तरी त्या दिवसापासून कंपनीचा एस दर्जा जातो आणि ती सी कॉर्पोरेशन होते. चुकून झालं असेल तर आयआरएसकडे माफीचा अर्ज करता येतो, पण तो वेळखाऊ आणि खर्चिक. नाहीतर पुन्हा एस होण्यासाठी साधारण पाच वर्षं थांबावं लागतं. काकांचे पैसे कर्ज म्हणून दाखवून व्याजासकट परत करता येतात का, हे आधी वकिलाशी बोला. मला ज्या ग्राहकाने हा प्रश्न विचारला त्याच्या टेबलावर काकांच्या नावाचं शेअर सर्टिफिकेट छापून, सही होऊन, पाकिटात घालून तयार होतं. तारीख तेवढी टाकायची राहिली होती, कारण ते दिवाळीच्या पाडव्याची वाट बघत होते.